लेखाशीर्ष

अर्थसंकल्पाच्या दिवशी
जतच्या पंचायत समितीत
सिद्राम शिपायानं मोबाईल
स्टॅम्पपॅडच्या डब्याला टेकवून उभा केला
आणि आम्ही सातजण वाकून
हजारो कोटी ऐकत बसलो.

मंत्र्यांनी शेर म्हटला. बाकं वाजली.
आरोग्याला इतके. रस्त्यांना इतके.
महागाईची झळ सामान्य माणसाला पोचू नये
म्हणून इतके.
शून्यं मी करंगळीपासून मोजतो, जुनी सवय.
हात संपला, भाषण संपेना.

तेवढ्यात उमदीकडची एस.टी. आली असावी,
कारण दारात महादेवी बिराजदार सिस्टर,
पदरानं तोंडावरची धूळ पुसत,
आणि हातात तीच पावती.

एक बल्ब, एक होल्डर, दोन मीटर वायर.
एकशे पंच्याऐंशी रुपये फक्त.
पौषातल्या रात्री उपकेंद्रातला दिवा गेला
तेव्हा बाळाचं डोकं दिसत होतं,
सासूनं मोबाईलचा उजेड धरला,
तिचा हात थरथरला की भिंत हलायची.
हे पावतीवर नाही.
पावतीवर फक्त वस्तू येतात.

पहिल्या खेपेला मी लाल पेनानं लिहिलं होतं:
जीएसटी क्रमांक नाही.
दुसऱ्या खेपेला: तीन दरपत्रके जोडावीत.
"आमच्याकडं दुकानच एक, सायेब,"
ती तेव्हा म्हणाली होती.
आज सांगितलं, बीडीएसवर निधी दिसत नाही,
आणि दिसला तरी
बावीसशे दहाखाली औषधांना जागा आहे,
सल्लागारांना आहे, प्रसिद्धीला आहे,
बल्बला लेखाशीर्ष नाही.

ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं.
"अर्धं तिकीट केलंय सरकारनं, खोटं कशाला बोलू.
येऊन जाऊन नव्वद.
तीन खेपांचं दोनशे सत्तर.
बल्ब एकशे पंच्याऐंशीचा.
तुम्ही हिशेबातली माणसं, तुम्हीच मांडा की."

मी खिशातून दोनशेची नोट काढली.
तिनं ती माझ्याच पेपरवेटखाली सरकवली.
"तुमचं पैसं नकोत हो.
सरकारनं बल्ब दिला,
एवढं कुठंतरी लिवलेलं पायजे."

मोबाईलवर पुन्हा बाकं वाजली.

घरी बायकोनं विचारलं, काय स्वस्त झालं?
मला नीट सांगता येईना.
कॅलेंडरच्या मागं तिचा अर्थसंकल्प असतो:
सिलिंडर, तूरडाळ, पोराची फी,
आणि चष्मा, जो नोव्हेंबरपासून
दर महिन्याला पुढच्या महिन्यात जातो.
आमच्या भाषेत ह्याला पुनर्विनियोजन म्हणतात.
तिच्या भाषेत काही म्हणत नाहीत.

एकतीस मार्च. रात्री साडेनऊला निधी पडला.
आरोग्य जनजागृतीचे फलक,
खर्च बारापर्यंत, नाहीतर परत.
हसरी आई, हसरं बाळ, दहा बाय सहा,
प्रत्येक उपकेंद्राच्या दारात एक,
आणि रात्रीही वाचता यावा म्हणून
फलकागणिक दोन दिवे.
मंजूर.

दोन दिवे.
मी ती ओळ पुन्हा वाचली.
साहेब केबिनमध्ये सह्यांच्या ढिगात.
टेबलाच्या खणात पावती, तिच्यावर माझीच
दोन लाल वाक्यं, तिसरीला जागा उरलेली.

बारीक अक्षरात
दोनाचे तीन केले.
कारण: रात्रीच्या वेळी प्रकाश अपुरा.
वीस वर्षांच्या नोकरीत
इतकं खरं कारण मी लिहिलं नव्हतं,
आणि इतक्या चुकीच्या रकान्यात.
लेखापरीक्षण येईल तेव्हा येईल.
तिसरा दिवा कुठं आहे, विचारतील.
दाखवीन. आत या म्हणावं,
चपला बाहेर काढा.

बाराला वीस कमी.
सिद्राम बटणाशी जाऊन उभा:
"सायेब, लाईट घालवू?"

थांब म्हटलं.
जावक क्रमांक पडायचा होता.