तीन अंश जास्त

सुटा भाग विनिपेगहून यायला तीन आठवडे,
दुकानदार म्हणाला.
बार्ली तीन आठवडे थांबत नाही.
पारास्काने फोन ठेवला आणि कोठारामागे पडलेल्या
कपडे वाळवायच्या मशीनकडे बघत राहिली.
त्याच्या दोन्ही कुशी अजून शाबूत होत्या,
पांढऱ्या, कुठेकुठे सोललेल्या.

मी आलो होतो गाईला इंजेक्शन द्यायला.
राहिलो बॅटरी धरून उभा.

हार्वेस्टरच्या पंख्यावरच्या झाकणाची चाळण झाली होती.
तिने पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढला,
पुठ्ठा पत्र्यावर ठेवून खिळ्याने रेघ ओढली.
तो आवाज माझ्या दातांपर्यंत आला.
मेथोडी खुर्चीवर, हात मांड्यांखाली दाबून,
थरथरताना दिसू नयेत म्हणून.
चाळीस वर्षं हे काम त्याचं होतं.

जुन्या पलंगाचे दोन लोखंडी अँगल,
मधे पत्रा, दोन्ही टोकांना क्लॅम्प,
आणि हातोड्याचा मार सोसायला मेपलचा ठोकळा.
बस, एवढंच.
"एकदम नको," तो म्हणाला,
"या टोकापासून त्या टोकापर्यंत, थोडं थोडं.
पिरोगीची कड मिटतेस तसं."

काटकोन आला. तिने क्लॅम्प सोडले
आणि पत्रा किंचित उलगडला,
झोपेत कूस बदलावी तसा.
"त्याला आपलं सपाटपण आठवतं.
नव्वद हवेत तर त्र्याण्णववर ने,
मग येईल आपणहून मागे."

आमच्या भाषेत म्हणतात, मोडेन पण वाकणार नाही.
म्हणणाऱ्याने पत्रा हातात धरला नसावा.
पत्रा वाकतो, जरासा परत येतो,
तेवढंच त्याचं म्हणणं असतं.

दुसरी घडी तिने भलत्याच बाजूला घातली.
कळलं तेव्हा उशीर झाला होता,
सरळ करायला गेलं तर घडीवर चीर जाते.
कोणी काही बोललं नाही.
तिने तो तुकडा भिंतीला टेकवला
आणि मशीनची दुसरी कूस कापायला घेतली.

हिच्यावर एक घोडा होता, तपकिरी स्टिकर,
एक पाय उडालेला.
ओरिसियाने चिकटवलेला, सहा वर्षांची असताना.
ती आता एडमंटनमध्ये लोकांचे दात बसवते.
"खरवडू का?" पारास्काने विचारलं.
मेथोडीची मान हलली.
नकार होता की नुसतीच थरथर, मला कळलं नाही.
तिने नकार धरला.

पुढच्या गुरुवारी गाईला बघायला गेलो.
मेथोडी शेताच्या कडेला, हात मोकळे सोडून,
कान हार्वेस्टरकडे.
"खडखडत नाही," तो मला म्हणाला,
मग तेच पुन्हा, युक्रेनियनमध्ये, स्वतःशी.
आत कोंड्याच्या काळोखात
तीन पायांचा घोडा असेल, पंख्याकडे तोंड करून.

आणि उलटा वाकलेला तो तुकडा
खुराड्याच्या दारावर ठोकलाय.
पाऊस त्यावरून बाहेर पडतो.
कोंबड्या कोरड्या.