मधली रेघ

मी स्कोअरर होतो. जाड चष्मा, दोन पेन्सिली,
आणि सामना बघायला सगळ्यात जवळची खुर्ची.
साल अडुसष्ट. आयोवातलं मक्याच्या कोठारांचं गाव,
हायस्कूलच्या मुलींचं बास्केटबॉल. सहा जणींचा खेळ तेव्हा :
तिघी या अर्ध्यात, तिघी त्या अर्ध्यात,
मधली रेघ कुणी ओलांडायची नाही.
चेंडू दोनदाच आपटायचा, मग हातावेगळा करायचा.
मुलींना एवढंच झेपतं, असं म्हणणाऱ्यांनी
आर्डिस टेकिपीला ट्रेलरवर गवताचे गठ्ठे फेकताना
पाहिलं नसेल. की रोज पाहत होते,
कुणास ठाऊक.

आर्डिस गार्ड. म्हणजे राखणदार.
राखणदाराच्या नावावर शेत नसतं.
तीन हंगाम माझ्या वहीत तिच्या ओळीला
नुसते फाउल. अडवलेल्या चेंडूंना
छापील रकानाच नव्हता.
मी समासात ठिपके देऊ लागलो,
एका अडवणुकीला एक.
हंगाम सरला की कोच श्रेडर खोडरबर घेऊन बसत :
‘वहीत छापलंय तेवढंच भरायचं, पोरा.’
पुढच्या हंगामात मी पुन्हा दिले. जरा दाबून.

आज सत्तावन्न वर्षांनी
त्याच जिममध्ये, मध्यंतरात, आमचा सत्कार.
शाळेचं नाव आता तीन गावांचं मिळून झालंय,
एका दमात म्हणता येत नाही.
माईकवरचा पोरगा आडनावांना ठेचकाळतो.
लव्होन हॉफस्टाड, अंतिम सामन्यात चौतीस गुण. टाळ्या.
जोलीन क्रूसमार्क, वॉकर ढकलत. टाळ्या.
मर्ना व्होब्रिल नोव्हेंबरात गेली,
तिचा मुलगा आलाय, तिचीच हनुवटी घेऊन.

मग आर्डिस.
पोरगा थांबला. कागदावर, कारकिर्दीतले गुण : शून्य.
छपाईची चूक समजून त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, बरोबर आहे. वाच.

खुर्च्या त्या अर्ध्यात, ढाली मांडलेलं टेबल या अर्ध्यात.
ती चालत आली, आणि रेघेपाशी
तिचा पाय अडला.
लोकांना वाटलं, गुडघा. बदललेला, उजवा.
गुडघा नव्हता तो.
फरशी दोनदा बदलली, रेघेचा रंगही काळ्याचा निळा झाला,
पण पायाला रंग कुठे दिसतो?

बाकावर आजच्या पोरी, घामानं निथळणाऱ्या,
अख्खं मैदान तुडवून आलेल्या,
बाटल्यांतलं पाणी एकमेकींवर उडवत होत्या.
एकीचंही लक्ष नव्हतं.
मला त्याचं वाईट वाटलं, आणि लगेच
बरंही वाटलं.

ती आली. ढाल बगलेत मारून थेट माझ्यापुढे :
‘वही आहे अजून?’
माळ्यावर आहे, म्हटलं.
‘माझे ठिपके?’
तिला माहीत होते, हे मला आज कळतंय.
पुसले गं ते. कोचनी. दर वर्षी.
‘पण तू दाबून लिहायचास,’ ती म्हणाली,
‘खळगे राहिले असतील.’

रात्रीचा दीड वाजलाय. बाहेर बर्फ.
वही दिव्याखाली तिरकी धरून
बोटाच्या टोकानं मोजतोय.
दोनशे सहा. दोनशे सात.
आतून बायको विचारते, झोपायचं नाही का?
म्हटलं, थांब,
अजून एक हंगाम आहे.