खोली नंबर चार, तापोळा

फोनवर सपकाळ म्हणाले होते, पाण्याला लागूनच आहे.
तसं ते दरवर्षी म्हणतात, आणि अगदीच खोटं नाही;
दिवाळीत शिवसागर पायरीपाशी येऊन चपला हुंगतो.
आम्ही येतो मे महिन्यात,
जेव्हा पाणी उतरत उतरत
पार लांब जाऊन बसलेलं असतं
रुसलेल्या जावयासारखं,
आणि मधे नुसता तांबडा चिखल, वाळून भेगाळलेला,
दोन उपड्या होड्या,
एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची, तोंड पाण्याकडे.
ह्यालाच पत्र्याच्या बोर्डावर लिहिलंय : बीच.

केबिन म्हणजे प्लायवूडच्या पाच पेट्या.
पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात सपकाळ त्यांना
मागच्या वर्षीचा उरलेला निळा रंग फासतात,
त्यात पाणी जरा जास्त घालून.
दार लावायचं तर आधी कॉट सरकवायची,
कॉट सरकवायची तर एकानं बाहेर जाऊन उभं राहायचं.
उशीला ओडोमासचा आणि तळलेल्या माशाचा वास,
बल्बपाशी दोन पाली.
पालींना मुलांनी नावं ठेवली होती.
आम्ही मोठी माणसं खोलीला ठेवायचो.

ऐन मेमध्ये, पाणी फारच खाली गेलं की
पलीकडच्या काठाला एक चौथरा उघडा पडतो.
सपकाळांच्या जुन्या गावातल्या देवळाचा.
त्या आठवड्यात त्यांची होडी
तिकडे गिऱ्हाईक नेत नाही.
कारण विचारलं तर म्हणतात, डिझेल नाही.

तीन आणि चारच्या मधे एकच फळी.
तीनमध्ये वसंतभावोजी आणि जयूताई,
चारमध्ये आम्ही.
रात्री मला खोकला आला
की फळीपलीकडून आवाज यायचा, पाणी पी गं.
तेवढंच. मग घोरणं पुढे चालू.
घरी, साताऱ्यात, एकाच जिन्यावर राहून
वाटणीच्या कागदानंतर आम्ही
स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा खिळे मारून बंद केलेली.
भावाभावांचं बोलणं नाही, सणाचं ताट नाही.
त्या दोन वर्षांतही आलो इथे,
आगाऊ पैसे दिलेले, सपकाळ परत करत नाहीत म्हणून.
जेवायला वेगवेगळ्या बाकांवर बसलो.
आणि रात्री खोकला आला.
फळी बराच वेळ गप्प.
मग, पाणी पी गं.
मी प्यायले. हे भिंतीकडे तोंड करून
झोपल्यासारखे पडून राहिले.

फेब्रुवारीत भावोजी गेले.
जयूताई आता हिंजवडीला, मुलाच्या दहाव्या मजल्यावर;
तिथे म्हणे शेजारचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही.
आम्ही आलो. का, ते दोघांनीही विचारलं नाही.
चारच मागितली.

तीनमध्ये यंदा इस्लामपूरचं कुणी,
कोवळं जोडपं आणि पाच-सहा महिन्यांचं लेकरू.
उकडत होतं. पंखा फिरण्यापेक्षा बोलत जास्त होता.
खोकला आला तसा मी पदर तोंडात धरला.
हे जागे होते, मला माहीत होतं,
मी जागी आहे हे ह्यांना.
तेवढ्यात पलीकडे लेकरानं गळा काढला
आणि ती पोर रडकुंडीला येऊन त्याला सांगू लागली,
गप ना रे सोन्या, पलीकडे माणसं झोपलीत.

असू दे गं, रडू दे, मी म्हणाले.
मोठ्यानं नाही. फळीला.

पलीकडे एकदम शांत. लेकरूसुद्धा.
मग ते पुन्हा सुरू झालं, पण आता कुणी गप म्हणेना.

कुणाशी बोललीस, ह्यांनी विचारलं.
झोपा, मी म्हटलं.

सकाळी पाहिलं तर कॉट सरकवलेली, दार उघडं.
हे त्या चिखलातून लांबवर चाललेले,
पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात ती खुर्ची.
अगदी पाण्याच्या कडेला नेऊन ठेवली.
एक पाय मोडका, बसता येत नाही तिच्यावर.
हे नुसते शेजारी उभे, बराच वेळ,
खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.