पठार

बाहेर सेहेचाळीस. वाळ्याची ताटी भिजवून
कुंभलकर पुन्हा स्टुलावर बसले.
आत ड्यूअरमध्ये नमुना दीड केल्विनवर.

चुंबक हळूहळू चढवत नेते मी.
आलेख चढतो, चढतो, आणि
बारा हजार नऊशे सहा ओहमवर
आडवा होतो. हलतच नाही.
दुसरी रेघ खाली शून्याला टेकलेली.

"अटकलं का जी?"
नाही, म्हटलं, हेच हवं होतं.
स्फटिकात जागोजागी भेसळ आहे, खड्डे, टेकाडं.
बहुतेक इलेक्ट्रॉन त्यांच्याभोवतीच फिरत राहतात,
कुठे जात नाहीत.
वाहतात ते काठाकाठाने.

"मंग मधातले?"
त्यांच्यामुळेच तर रेघ सरळ राहते.

कुंभलकर एकतीस वर्षं इथेच.
इतवारी ते ही खोली, सायकलने.
माझ्या बॅचचे काठाने निघून गेले,
डेल्फ्ट, पुणे, एक जण तर विम्यात.
मी परत आले, का ते अजून नीट सांगता येत नाही.

"अन् चोख माल आणला असता तं?"
तर पठार एवढं रुंद आलं नसतं.

"मंग ठीक हाय," म्हणाले,
आणि हेलियमची पातळी
वहीत मांडली, पेन्सिलीने:
बावीस टक्के.