फट

डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढताना
एरलंड चष्मा कपाळावर सारतो;
जवळचं त्याला उघड्या डोळ्यांनीच दिसतं.
पॉइंट्स पुन्हा काळवंडलेले.
बाल्टिकचं धुकं रात्रभर
तारांच्या सांध्यांत मुरलेलं.

फीलर गेज कधीच पाण्यात पडलं.
तेव्हापासून काडेपेटीच्या पुठ्ठ्याची पट्टी.
एवढीच फट हवी, तो म्हणतो,
कमी ठेवलीस तर जळतं,
जास्त ठेवलीस तर उचक्या देतं.
आईबद्दल बाबा एवढंही कधी बोलला नाही.

मी तुर्कूहून नवी वस्तू आणली, अंगठ्याएवढी,
इलेक्ट्रॉनिक. घासायला काही नाही, झिजायला काही नाही.
दोन स्क्रू, एक लाल तार, एक काळी.
चावी फिरवली
आणि इंजिननं पहिल्याच हाकेला ओ दिली.

तो तसाच उभा, हातात पॉलिश पेपर,
ओठांवर आलेली शिवी गिळून.
सकाळची वीस मिनिटं
अचानक कुणाचीच नव्हती.

जाळी ओढून परतलो तेव्हा
तंबाखूच्या डबीत जुने पॉइंट्स दिसले,
ग्रीस लावलेले,
सोबत पुठ्ठ्याची पट्टी.

राहू दे, म्हणाला,
तुझ्या त्या वस्तूला शिव्या कळत नाहीत.