रांगेत पहिलं न येणारं अक्षर

सोमवारी मुलांनी काचेवर लाल पट्टी चिकटवली,
समोरच्या डोंगरावर ऊन जिथवर उतरलं होतं, बरोबर तिथे.
बरोबर म्हणजे कुठे, यावरून भांडण.
कौरी बुटका, त्याला ऊन एका जागी दिसे,
उग्लाला दुसऱ्या. शेवटी ठरलं,
माझ्या मासळीच्या बादलीवर पालथं बसून
एकेकाने एकाच डोळ्याने पाहायचं.
आईसलंडच्या या टोकाला नोव्हेंबर सरता सरता
सूर्य डोंगराआड जातो, तो दोन महिने
गावाच्या बाहेरूनच ये-जा करतो,
उधारी थकलेल्या माणसासारखा.
"शुक्रवारी येईल," स्टेनुन म्हणाली.
कौरीने विचारलं, "जेवून येणार की इथे जेवणार?"

मी या बालवाडीचा स्वयंपाकी.
आधी चोवीस वर्षं ट्रॉलरवर.
तिथली माणसंही गाजर असंच ताटाच्या कडेला सारायची.

मंगळवारी अक्षर होतं. द आणि थ यांच्या मधलं,
जीभ दातांत हलकेच धरून श्वास सोडायचा.
पाठीत वाकलेलं, मानेवर आडवी काडी.
"याच्यावरून कुणाचं नाव?"
कुणाचंच नाही. या अक्षराने
आमच्या भाषेत एकही शब्द सुरू होत नाही.
ते मधे येतं, नाहीतर शेवटी येतं.
वाऱ्यापावसाला जो शब्द आहे त्याच्या पोटात ते आहे,
आणि 'शब्द' या शब्दाच्या अगदी शेवटी.
"म्हणजे ते कधीच रांगेत पहिलं नाही?"
ब्योर्टला फार वाईट वाटलं.
बोग्नाने नुसतं पाहिलं.
सप्टेंबरात पोलंडहून आली, तेव्हापासून नुसतं पाहते.

बुधवारी मोजणी. दोरीवर वाळणारे हातमोजे सतरा.
जोड्या लावल्या, एक उरला,
तो कुणीच आपला म्हणेना.

गुरुवारी वादळ. अकरांतली तीन मुलं आली.
बोग्ना त्यांत, कारण मासळीचा कारखाना
वादळाला सुट्टी देत नाही. आईने
अंधारात दारातून तिला आत ढकललं आणि
बर्फात वळून धावली.
मी तिला कणकेचा गोळा दिला.
बाकीचे दोघे साप करत होते.
तिने वाकलेली पाठ केली, मानेवर काडी ठेवली,
मग जीभ दातांत धरून
माझ्याकडे बघत श्वास सोडला.
एकदा. पुन्हा एकदा, अजून लांब.
तिच्या घरी हा आवाज नाही.
शब्द नव्हता तो. मी म्हणालो,
"हो, तेच." आणि मला
कढई उगीचच घासावी लागली.

शुक्रवारी साठ धिरडी केली, साखर पेरून गुंडाळलेली.
पाहुण्याला असंच खायला घालतात इथे.
अकराला सगळे काचेला नाक लावून.
ढग.
साडेअकरा. ढग.
स्टेनुन म्हणाली, तो आलाय, फक्त मागे उभा आहे.
उग्ला म्हणाली, मग त्याची धिरडी मी खाते.
बारानंतर कुणाला आठवणही नव्हती.
बोग्नाने मात्र लाल पट्टीचा तुकडा घेतला,
जमिनीजवळ, आपल्या बुटांच्या कप्प्याशेजारी
भिंतीला चिकटवला, अंगठ्याने दाबला.
का, ते कुणी विचारलं नाही.

शनिवारी पंचे धुवायला मी एकटा आलो.
सव्वाबाराला ऊन आत आलं.
छोट्या खुर्च्यांवरून, त्या न उचललेल्या मोज्यावरून,
भिंतीवर गेलं. चार मिनिटं असेल.
बोग्नाच्या पट्टीपासून वीतभर डावीकडे पडलं.
हात पुढे केला होता मी,
पट्टी सरकवायला. मग राहू दिली.

आता सोमवारी बादलीवर बसून
विचारतील, आला होता का, कुणी पाहिला का.
खोटं बोलायला मला कधी जड गेलेलं नाही,
समुद्रावर तर नाहीच.
पण अकरा जण असतील समोर,
आणि त्यांतली एक
माझ्या जिभेकडे बघत असेल.