नेमकं इथे

कुताइसीत, नदीकाठच्या भट्टीवर
नुगझार मास्तर रोज एकच पाव घेतात,
होडीसारखा लांब, टोकांना करपलेला,
आणि दारातच मोडतात.

चाळीस वर्षं गणित शिकवलं, खोड जात नाही.
"मझिया, नेमका इथेच मोडेल
याची शक्यता किती? शून्य.
केसभर अलीकडे? शून्य.
पलीकडे? शून्यच.
तरी मोडला ना?"

मझिया पिठाचे हात झटकते.
"आणि याची चिमणी होऊन उडाली असती तर?"
"त्यालाही शून्य."
"म्हणजे घडलेलं आणि कधीच न घडणारं,
दोघांना एकच मार्क?
कसले हो मास्तर तुम्ही!"

मास्तर गप्प. कोटावर चुरा.

मी रांगेत मागे, मुठीत नाणी.
इथली भाषा कळते, बोलता येत नाही.
नाहीतर सांगितलं असतं,
आमच्याकडे शून्याला पूज्य म्हणायचे.
हिशेबाच्या वहीत तोच भोपळा,
पण म्हणताना
जरा वाकल्यासारखं व्हायचं.

माझी पाळी आली.
पाव हातात भाजत होता.
मोडला.
कुठेतरी मोडला,
आणि तिथूनच वाफ आली.